बत्तीस बोअरचे काडतूस : लिएजपासून नांदेडपर्यंत

१/
नांदेड किंवा लातूरच्या वृत्तपत्रांत एक ठरावीक बातमी अधूनमधून येत असते : ‘गावठी पिस्तूल व जिवंत काडतुसे जप्त.’ मजकुरात पुढे कधी ‘७.६५’ हा आकडा असतो, तर कधी ‘बत्तीस बोअर’ असे शब्द. पिस्तुलाच्या संदर्भात हे दोन्ही उल्लेख बहुधा एकाच काडतुसाचे असतात. बोटाच्या दोन पेरांएवढ्या या वस्तूचे वय सव्वाशे वर्षांच्या आसपास आहे. तिचा जन्म, तिचे बळ आणि मराठी मुलखातील तिच्या घराण्याचा इतिहास, हा या थ्रेडचा विषय आहे.

२/
आधी शब्दांविषयी. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले. ‘बंदूक’ अरबीतून आला. बोलताना काडतुसालाच गोळी म्हणण्याची सवय आहे, पण ते काटेकोर नाही. काडतुसात चार घटक असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली स्फोटक टोपी, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार उडाल्यावर गोळी पुढे जाते आणि पुंगळी मागे राहते. घटनास्थळाच्या पंचनाम्यात ‘रिकामी पुंगळी’ स्वतंत्रपणे नोंदवली जाते, ती यामुळेच.

३/
या चार गोष्टी एका डबीत येण्यापूर्वीचे शस्त्र मराठवाड्याच्या खेड्यांत परवापरवापर्यंत होते : ठासणीची, म्हणजेच भरमार बंदूक. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर चिंधी व छर्रे घालून गजाने ठासायचे, मग बत्ती किंवा टोपी. एक बार झाला की पुन्हा सारा खटाटोप. पावसात दारू दमट होई आणि धुराने नेम धरणाराच आंधळा होई. रानडुकरांपासून पीक राखायला ती पुरे. पण ती लपवता येत नसे आणि तिच्यातून लागोपाठ दुसरा बार निघत नसे. पुढील इतिहास समजण्यासाठी या दोन उणिवा ध्यानात ठेवाव्यात.

४/
या दोन्ही उणिवा ज्याने भरून काढल्या, तो जॉन मोझेस ब्राउनिंग. जन्म १८५५, अमेरिकेतील युटा प्रांतातील ऑग्डेन गावी. वडील बंदुका घडवणारे कारागीर. त्याच्या पिस्तुलाला पहिला मोठा आश्रय मिळाला तो बेल्जियममध्ये. लिएज शहराजवळच्या हर्स्टाल येथे १८८९ मध्ये एफ. एन. हा कारखाना सैन्याच्या रायफली बनवण्यासाठी उभा राहिला होता. १८९७ मध्ये त्याचा ब्राउनिंगशी संबंध जुळला. १८९९ ते १९०० या काळात तेथून एक चपटे, खिशात मावणारे पिस्तूल बाहेर पडले आणि त्याच्यासाठीच घडवलेले नवे काडतूस त्याच्याबरोबर आले. युरोपात त्याला ७.६५ ब्राउनिंग म्हणतात, अमेरिकी मोजणीत ते .३२ होते.

५/
काडतुसाची मापे अशी : पुंगळीची लांबी १७.३ मिलिमीटर, गोळीसह एकूण लांबी सुमारे २५ मिलिमीटर. गोळीचा व्यास ७.९४ मिलिमीटर. गोळीचे वजन ७१ ग्रेन, म्हणजे ४.६ ग्रॅम. गोळीच्या आत शिसे आणि वर कठीण धातूचे कवच. आतली दारू जुनी काळी नव्हे, तर बिनधुराची. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने अशी दारू सिद्ध केली आणि तिच्यामुळेच हे सारे शक्य झाले. काळ्या दारूची काजळी इतकी साचते की बारीक यंत्रणेचे पिस्तूल थोड्याच बारांत अडून बसते. नवी दारू थोड्या जागेत अधिक जोर देते आणि मागे फारशी घाण ठेवत नाही.

६/
हे काडतूस मुद्दामच सौम्य ठेवलेले आहे. ब्राउनिंगच्या या पिस्तुलात नळीच्या मागचे दार कड्याकुलपाने बंद होत नाही. एक जड पोलादी भाग आणि एक स्प्रिंग एवढेच त्या दाराला रेटून धरतात. बार उडताच वायूचा दाब गोळीला पुढे आणि पुंगळीला मागे ढकलतो. पण मागचा भाग गोळीच्या मानाने फार जड असल्याने तो सावकाश हलतो आणि तो पुरता उघडेपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते. मग रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग उलटते आणि खालून नवे काडतूस वर चढते. काडतूस अधिक जोरकस केले असते, तर हा साधेपणा टिकला नसता. पिस्तूल जड आणि गुंतागुंतीचे करावे लागले असते.

७/
पुंगळीच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. पुंगळीचा व्यास साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, तर कडेचा ९.१. त्या कडेमुळे काडतूस नळीत नेमक्या जागी अडते. पण याच कडेमुळे मॅगझीनमध्ये काडतुसे उलटसुलट बसली, तर वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकून पिस्तूल बंद पडते. ब्राउनिंगच्या पुढच्या काही रचनांत ही कड गेली. इतिहासाची आवड असणाऱ्याने असे बारकावे टाळू नयेत. शस्त्र ‘अडले’ असे एखाद्या साक्षीत वाचायला मिळते, तेव्हा त्यामागे बहुधा असेच एखादे यांत्रिक कारण असते.

८/
आता बळाचा हिशेब. चार इंची नळीतून ही गोळी सेकंदाला साधारण २७५ ते ३०० मीटर वेगाने निघते. तिची गतिज ऊर्जा सुमारे १७५ ते २०५ ज्यूल भरते. दहा किलो ज्वारीची पिशवी दोन मीटर उंचीवरून जमिनीवर पडली, तर तेवढीच ऊर्जा खर्च होते. मग पिशवी पायावर पडल्यास दुखापत होते आणि गोळीने मात्र जीव जातो, असे का? गोळीचा सारा जोर अर्ध्या चौरस सेंटिमीटर जागेवर एकवटतो. त्वचा, स्नायू, रक्तवाहिनी यांना तो अडवता येत नाही. घातकता ठरते ती गोळी कोणत्या अवयवातून गेली आणि रक्तस्राव किती वेळात थांबला यावरून. ऊर्जेचा आकडा त्यानंतर येतो.

९/
चित्रपटात गोळी लागलेला माणूस मागे उडून भिंतीवर आदळतो. गणित याच्या विरुद्ध आहे. ४.६ ग्रॅम वजन आणि २७५ मीटर वेग यांचा गुणाकार केला तर संवेग येतो १.२७ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. साठ किलोच्या माणसाला त्याने मिळणारी गती सेकंदाला दोन सेंटिमीटर, मुंगीच्या चालीएवढी. तेवढाच संवेग झाडणाऱ्याच्या हातालाही उलट दिशेने बसतो. गोळीने समोरचा उडत असता, तर झाडणाराही उडाला असता. बार उडताच माणूस खाली बसला, वाकला किंवा काही पावले चालत गेला असे जुन्या साक्षींत सापडते. ते खोटे मानण्याचे कारण नाही.

१०/
आणखी दोन गोष्टी. पंचवीस मीटर जायला या गोळीला सेकंदाच्या अकराव्या भागाच्या आसपास वेळ लागतो आणि तेवढ्यात ती चार सेंटिमीटर खाली येते. दोन-तीन मीटरवर हा फरक शून्यवत असतो. या पिस्तुलाचे खरे अंतर तेच, एका खोलीचे. दुसरे म्हणजे, ही गोळी आवाजापेक्षा मंद जाते. नांदेडच्या मे महिन्यातील त्रेचाळीस अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३५५ मीटरच्या वर असतो. रायफलीची गोळी हवेत जो चाबकासारखा कडाका करते, तो येथे होत नाही. ऐकू येतो तो केवळ नळीच्या तोंडचा बार.

११/
तुलनेसाठी सैन्याची .३०३ रायफल घ्यावी. तिची गोळी ३,१०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन निघते, म्हणजे बत्तीसच्या सुमारे पंधरा ते अठरापट. रणांगणात या पिस्तुलाला किंमत नव्हती. १६ जून १९०४ रोजी हेलसिंकीत ऑयगेन शाउमान याने रशियाचा गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह याच्यावर याच पिस्तुलाने गोळ्या झाडल्या, तेव्हा काही गोळ्या त्याच्या छातीवरील पदकांना लागून वळल्या. कमरपट्ट्याच्या बकलावर आदळलेली गोळी मात्र पोटात शिरली आणि तो दगावला. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन स्थानकावर कोरियाच्या आन जुंग-ग्यून याने जपानचा मुत्सद्दी इतो हिरोबुमी याला मारले, तेही याच प्रारूपाच्या पिस्तुलाने. वजन ६२५ ग्रॅम, सात गोळ्या, कोटाच्या खिशात दिसेनासे होणारे. ज्यांच्याकडे सैन्य नव्हते, त्यांच्या हाती ते पोचले.

१२/
हिंदुस्थानात १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले होते. म्हणून जे आले ते चोरवाटेने. लंडनच्या इंडिया हाऊसमधील आचारी चतुर्भुज अमीन याच्या सामानातील एका पेटीला खोटा तळ होता. त्यात वीस ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे होती. ती पाठवणारे विनायक दामोदर सावरकर. १९०९ च्या मार्चच्या सुरुवातीस पेटी मुंबईत उतरली. त्याआधी काही दिवस, फेब्रुवारीच्या अखेरीस, त्यांचे थोरले बंधू बाबाराव यांना अटक झाली होती. जूनमध्ये राजद्रोही कवितांच्या प्रकाशनाबद्दल बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांना खटल्यासाठी पुढे पाठवणारा अधिकारी होता नाशिकचा कलेक्टर जॅक्सन.

१३/
येथे मराठवाडा येतो. अनंत लक्ष्मण कान्हेरे हा कोकणातील खेड तालुक्याचा मुलगा, इंग्रजी शिक्षणासाठी औरंगाबादेस मामांकडे आलेला. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते, नांदेड आणि लातूरही. तेथे गंगाराम मारवाडी यांच्याशी त्याचा गाढ स्नेह जमला आणि त्या स्नेहावर त्याने ‘मित्रप्रेम’ नावाची कादंबरी लिहिली. ज्याच्या नावापुढे इतिहास ‘पिस्तूल’ हा एकच शब्द लिहितो, त्याने त्याआधी मैत्रीवर पुस्तक लिहिले होते. नाशिकच्या गुप्त मंडळींशी त्याचा संबंध जुळला तोही याच औरंगाबादच्या मुक्कामात.

१४/
दुसऱ्या बाजूचा माणूसही एका शब्दात बसणारा नाही. आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता, मराठी बोलत असे आणि लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. गुजरात व कोकणातील लोकसमजुती आणि चालीरीती यांविषयी त्याने शाळामास्तरांकडून उत्तरे मागवून मोठे टिपण जमवले होते. आणि बाबारावांना काळ्या पाण्याच्या वाटेवर लावणाऱ्या कागदावर सहीही त्याचीच होती. नाशिकच्या क्रांतिकारकांच्या दृष्टीने त्याची विद्वत्ता हा सत्तेचा मुखवटा होता. त्याच्या चाहत्यांच्या दृष्टीने तो सज्जन होता. कागदपत्रांत दोन्ही मते आहेत.

१५/
जॅक्सनची मुंबईला बदली झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्याच्या निरोपाप्रीत्यर्थ किर्लोस्कर मंडळींचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. तो आत शिरून आसनाकडे निघाला तेव्हा कान्हेरेने जवळून गोळ्या झाडल्या. अंतर पावलांचे होते. वर सांगितलेला खोलीभर पल्ला तो हाच. जॅक्सन तेथेच कोसळला. कान्हेरे जागीच पकडला गेला. कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हे त्याचे साथी त्या कटात होते. तिघांनाही १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचा होता.

१६/
त्या काही सेकंदांचे पडसाद दूरवर गेले. पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत पोचला. सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये अटक झाली आणि पुढे दोन जन्मठेपी मिळाल्या. नाशिक, औरंगाबाद, कोकण येथील अनेक घरांत धरपकड झाली. जॅक्सनची टिपणे पेटीत राहिली नाहीत. आर. ई. एन्थोव्हेन याने त्यांचे संपादन करून १९१४ आणि १९१५ मध्ये गुजरात व कोकणाच्या लोकसमजुतींवरील दोन खंड प्रसिद्ध केले. कोकणातील ग्रामदैवते आणि भुतेखेते यांवर काम करणारा अभ्यासक आजही ते उघडतो.

१७/
१९०८ मध्ये ब्राउनिंगने बत्तीसचे धाकटे भावंड काढले, .३८० अर्थात ‘नऊ मिलिमीटर शॉर्ट’. पुंगळीची लांबी तीच, पण गोळी जाड, ९५ ग्रेनची, आणि ऊर्जा २६० ज्यूलच्या आसपास. २८ जून १९१४ रोजी सारायेवोत युवराज फ्रान्झ फर्डिनांडवर झाडलेली काडतुसे या जातीची होती. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत नथुराम गोडसेने महात्मा गांधींवर झाडलेल्या तीन गोळ्याही त्याच जातीच्या, इटालियन बेरेटा पिस्तुलातल्या. त्याच ३० जानेवारीला नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यासाठी बँकेवर छापा घातला. मराठी माणसांनी एकाच दिवशी उचललेली ही दोन पावले. एका पावलाबद्दल मराठवाडा आजही अभिमानाने बोलतो, दुसऱ्याने देश सुन्न झाला.

१८/
लातूरचा धागा याच वर्षांतला. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा. त्याच्या टोळ्यांकडे तलवारी, भाले, भरमार बंदुका आणि काही रायफली होत्या. गावोगावच्या प्रतिकाराचेही शस्त्र बहुतांशी असेच होते. निकाल लागला तो १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत, रणगाडे आणि पायदळ घेऊन आलेल्या भारतीय सैन्यामुळे, आणि त्याआधी दहा वर्षे चाललेल्या सत्याग्रह, तुरुंगवास व सीमेवरील छावण्यांमुळे. खिशातल्या पिस्तुलाने एखादा अधिकारी मरतो, पण राज्य बदलायला संघटना लागते, हे मुक्तिसंग्रामाच्या इतिहासातून स्पष्ट दिसते. स्वामी रामानंद तीर्थ यांचा सारा खटाटोप त्या संघटनेसाठी होता.

१९/
स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याने शस्त्रांचे निषिद्ध आणि अनिषिद्ध असे दोन वर्ग केले. नऊ मिलिमीटरचे लष्करी पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. बत्तीस मिळू शकते. म्हणून परवान्याच्या पुस्तकात हाच आकडा अधिक दिसतो. येथे एक घोटाळा नेहमी होतो. बत्तीसच्या पिस्तुलाचे आणि बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस एक नाही. रिव्हॉल्व्हरची पुंगळी २३ मिलिमीटर लांब आणि पूर्ण कडेची असते. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याजवळच्या खडकी कारखान्याचा ‘के. एफ.’ हा शिक्का काडतुसाच्या बुडावर असतो आणि पंचनाम्यांत तो नोंदवला जातो. परवान्यावर सही करणारा अधिकारी म्हणजे नांदेडचा किंवा लातूरचा जिल्हाधिकारी, जॅक्सनच्याच पदावरचा. आणि निवडणूक लागली की परवानाधारकांना हीच शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात.

२०/
शेवटी पुन्हा त्या बातमीकडे. काडतूस कारखान्याचे असते, पण ‘गावठी’ पिस्तुलाची नळी बहुधा कोणत्यातरी लोखंडी तुकड्याची असते. बार उडताना आत १,६०० बारपर्यंत दाब चढू शकतो, ट्रकच्या टायरमधील हवेच्या शंभर-दोनशेपट. कारखान्यातील पोलाद तो दाब सोसते. गावठी नळी फुटली तर पहिली जखम झाडणाऱ्याच्या हाताला आणि चेहऱ्याला होते. लग्नाच्या वरातीत आकाशात झाडलेली गोळीही कोठेतरी उतरतेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा आनंदोत्सवी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. समाजमाध्यमावर टाकलेले हातातल्या कट्ट्याचे छायाचित्र हाच अनेकांविरुद्धचा पहिला पुरावा ठरला आहे.

२१/
अशी छायाचित्रे टाकणारी मुले पुष्कळदा कान्हेरेच्याच वयाची असतात आणि त्यांतली काही त्याचेच नाव घेतात. त्यांनी त्याची पूर्ण गोष्ट वाचावी. त्याने शस्त्र मिरवले नाही. फाशी होणार हे त्याला आधीपासून ठाऊक होते आणि ती त्याने स्वीकारली. त्याच्या कृतीचे मूल्यमापन शंभराहून अधिक वर्षे चालले आहे आणि पुढेही चालेल. आजच्या कायद्यात शस्त्र परवान्यासाठी किमान वय एकवीस आहे. अठरा वर्षांच्या मुलाला तो मिळत नाही. पण ‘मित्रप्रेम’ची, एन्थोव्हेनच्या खंडांची आणि नाशिक खटल्याच्या कागदपत्रांची वाट कोणत्याही वयाला मोकळी आहे. ग्रंथालयात विचारणा करावी.

(थ्रेड समाप्त)